आधी कुत्र्याला

एसटीतून उतरताना हैबतरावाने डबा छातीशी धरला. आत वालाचं बिरडं होतं. रस जरा पातळ झाला होता आणि नागोठण्याच्या पुढच्या खड्ड्यांत झाकणाच्या कडेने थोडा बाहेर आला होता. शर्टाला तेलाचा डाग पडला होता. त्याने तो अंगठ्याने पुसायला घेतला, तसा तो आणखी पसरला. शिव्या घालतच तो वृद्धाश्रमाच्या फाटकाशी आला आणि तिथेच थांबला.

पायरीवर ती कुत्रा घेऊन येणारी मुलगी बसली होती. शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर, हातात साखळी. साखळीच्या टोकाला तो पिवळा कुत्रा, अंगात निळं जाकीट, पुढच्या पायांवर तोंड टेकून पडलेला.

“आज रविवार हाय काय?” हैबतरावाने विचारलं.

मुलीने मान हलवून नाही म्हटलं.

“मंग?”

तिने दाराकडे बघितलं.

कुत्रा रविवारी येत असे. भूमिका तिचं नाव, सहावीतली, रोह्यात राहायची. तिच्या आईने मुंबईच्या कुठल्या संस्थेतून कुत्र्याला शिकवून आणलं होतं. म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसायचं, अंगावरून हात फिरवून घ्यायचा, भुंकायचं नाही, हेच त्याचं काम. ती मुलगी त्याला एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे न्यायची. हैबतराव मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. रविवारी एकदाच आला होता. त्या दिवशी सरू, त्याची बायको, कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांत धरून हसत होती, दात नसलेल्या तोंडाने, मनापासून. हैबतराव दारात उभा राहिला, डबा तिथल्या सलीमाकडे दिला आणि तसाच परत फिरला. नंतर त्याने रविवार टाकला.

कारण त्याला बघून सरू हसत नसे. तो आला की ती पदर सारखा करायची आणि म्हणायची, “घरात कुणी नाय. हे धाटावला कंपनीत गेलेत, शिफ्टला. मागनं या.”

सुरुवातीला तो सांगायचा, “अगो, मीच तो.” ती भ्यायची. मग त्याने सांगायचं सोडलं. तो डबा उघडायचा. परक्याच्या घरी पानावर बसल्यासारखी ती चार घास खायची आणि विचारायची, “बरं झालंय. तुमच्या घरातनी केलंय?” तो म्हणायचा, “व्हय.”

सलीमा बाहेर आली. आश्रमात सरूचं सगळं तीच करायची, न्हाऊमाखू घालण्यापासून गोळ्यांपर्यंत. आज तिचे हात रिकामे होते.

“काका, आत या. आधी बसा.”

“मी बसाया आलो नाय.”

“काका, सबर करा.” तिने त्याच्या हाताला धरलं. “गेली ती. आत्ताच. अर्धा तास पण नसंल झाला.”

त्याने हात सोडवला आणि आत गेला. सरूला सरळ निजवलं होतं. डोळे मिटलेले होते. उजवा हात खाटेच्या कडेला होता, पंजा थोडा उघडा. चादरीवर तिथेच पिवळे केस पडले होते. हैबतरावाने एक केस उचलला, बघितला आणि खाली टाकला. मग दुसरा उचलला. सगळे उचलता येईनात.

“मला फोन का नाय केलास?”

“केला ना, काका. तुम्ही उचलला नाय.”

त्याने पिशवीतून मोबाईल काढला. एक कॉल येऊन गेला होता. नागोठणं सुटल्यावरचा. मोबाईल डब्याखाली होता आणि एसटी खड्ड्यांतून खडखडत होती.

“आणि ह्यांना कधी केलास?”

सलीमाने चादरीची कड सारखी केली. दारातून मुलगीच बोलली. विचारलं की उत्तर द्यायचं, असं तिला शिकवलेलं असावं.

“मी शाळेत निघाले होते तेव्हा. सकाळी.”

हैबतरावाने पुन्हा मोबाईलकडे बघितलं. शाळेची वेळ म्हणजे तो गडबला घरात होता. वाल सोलत होता. मोबाईल चुलीशेजारी, पूर्ण चार्ज.

“म्हणजे आधी कुत्र्याला,” तो म्हणाला. “मंग नवऱ्याला.”

“काका, ऐका तरी. उजाडल्यापासनं सारखी त्यालाच बोलवत होती. दुसरं कायच तोंडात नाय. डॉक्टर येऊन गेले, ते म्हणाले आता काय करण्यासारखं नाय. मला वाटलं, एकदा आला तर तिला शांत वाटंल.”

“कुणाला बोलवत होती?”

सलीमाने हनुवटी कुत्र्याकडे केली.

हैबतराव बाहेर आला आणि हातातला डबा त्याने पायरीवर आपटला. झाकण उडालं. बिरडं पायऱ्यांवर सांडलं. कुत्रा दचकून उठला, मागे सरला, मग नाक पुढे करून बिरड्याकडे आला.

“नाही! सोड!” मुलीने साखळी ओढली.

“हाड!” हैबतराव ओरडला. “हाड! हाड!”

कुत्र्याने त्याच्याकडे बघितलं आणि तो खाली बसला. बस म्हटलं की बसायचं, थांब म्हटलं की थांबायचं, हे त्याला शिकवलेलं होतं. हाड म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आश्रम चालवणारा सुशील धावत आला. तरुण माणूस होता, इस्त्रीच्या शर्टातला. हैबतराव त्याच्या तोंडापाशी बोट नेऊन बोलला.

“हा कुत्रा परत ह्या फाटकात दिसला ना, तर मी गडबहून गाव घेऊन येईन. पेपरवाले आणीन. सांगीन, हितं माणूस मरताना नवऱ्याला बोलवत नायत, कुत्र्याला बोलवतात.”

“नाही दिसणार, मोकल काका.”

“कधीच नाय.”

“तुम्ही स्वतः या म्हणेपर्यंत नाही. माझा शब्द.”

मुलगी रडत होती, पण आवाज न करता. हैबतरावाला त्याचाही राग आला. माझं माणूस गेलंय, तू कशाला रडतेस, असं त्याच्या तोंडापर्यंत आलं. तेवढं मात्र तो बोलला नाही.

*

दहाव्याला कावळा शिवेना.

गडबच्या ओढ्याकाठी पिंड ठेवून सगळे मागे सरकून उभे होते. समोरच्या बाभळीवर कावळे होते. खाली एकही येत नव्हता. सरूचा भाऊ पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, “बाय, दाजींचं आम्ही सगळं बघू. काळजी करू नको.” कावळा आला नाही. कुणी म्हणालं, तिच्या पाटल्या कुणाच्या ते सांगा. ते सांगून झालं. कुणी म्हणालं, वालाची वाडी विकणार नाही म्हणा. तेही म्हणून झालं. उन्हात अंगं घामाने भिजली होती.

“कावळ्याला कशाला बोलवताव?” हैबतराव मागून मोठ्याने म्हणाला. “कुत्र्याला बोलवा. येईल. लगेच येईल.”

सगळे वळून बघायला लागले. सरूच्या भावाने मान खाली घातली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक घरी गेले.

त्यानंतर त्याच्याकडे कुणी फारसं येईना. याकूब तेवढा यायचा. हायवेच्या पलीकडे त्याचं पंक्चरचं दुकान होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा त्याचं अर्धं दुकान आणि हैबतरावाचं पुढचं अंगण गेलं, म्हणून दोघं आता रस्त्याच्या दोन्ही कडांना अगदी समोरासमोर आले होते. पूर्वी दोघं धाटावच्या एकाच केमिकल कंपनीत होते, एकाच गाडीने शिफ्टला जायचे. याकूबचा मुलगा फहाद कतारला होता आणि दर महिन्याला बापाला सांगायचा, दुकान बंद कर. याकूब म्हणायचा, मग मी दिवसभर बघू कुणाकडे?

गावात हैबतरावाला सगळे तात्या म्हणत. आश्रमात तो मोकल काका होता. सरू त्याला ‘अवो’ म्हणायची. नवऱ्याचं नाव ती घेत नसे; लग्नात बायांनी अडवून घ्यायला लावला तो एक उखाणा, तेवढाच. बरोबरीचे गेले, कुणी मुलांकडे गेले. हैबत म्हणून हाक मारणारा एक याकूब उरला होता, आणि तो ती हायवेच्या पलीकडून मारायचा, ट्रकच्या वर आवाज काढून.

“जेवलास काय?” याकूबने ओटीवर बसत विचारलं.

“जेवलो.”

“काय केलंस?”

“तुला काय करायचंय?”

“म्हणजे नाय जेवलास.” त्याने पिशवीतून भाकऱ्या काढल्या. “खा. हिनाने दिल्यात. सुनेच्या हातचं नको म्हणशील तर तिलाच सांग, मी ऐकून घेणार नाय.”

हैबतरावाने भाकरी मोडली. मोबाईल वाजला. सलीमा होती. त्याने फोन उचलून कानाला लावला.

“काका, बरे हाव ना? एक सांगायचं होतं. रागावू नका. ते गोविंदा आजोबा, तुमच्या बाईंच्या पलीकडच्या खोलीतले. रविवारी फाटकाशी खुर्ची लावून बसतात. कुत्रा यायचा म्हणून. आम्ही सांगितलं, तो आता येत नाय. तरी बसतात. जेवायला पण उठत नायत.”

“बसू दे,” हैबतराव म्हणाला आणि फोन ठेवला.

याकूबने सगळं ऐकलं होतं.

“किती दिवस भांडणार तू त्या जनावराशी?”

“मी भांडत नाय.”

“मंग काय करतोस?”

हैबतरावाने भाकरी खाली ठेवली.

“याकूब, तुझी बायको गेली तवा तू जवळ होतास. ती काय बोलली ते तुला ठाव हाय. माझ्या बायकोचा मी एवढा संसार केला. धाटावच्या वासानं ती ओकायची, म्हणून कंपनीचे कपडे मी ओढ्यावर धुऊन मग घरात यायचो. आणि शेवटी तिच्या तोंडात नाव कुणाचं? कुत्र्याचं. मी परका होतो. मला म्हणायची, मागनं या.”

“तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हैबत.”

“कुत्र्याला वळखायला होतं ना?”

याकूबने पिशवीची घडी घातली. तो उठला, भाकऱ्यांवर ताट झाकलं आणि ट्रक जाऊ देऊन रस्ता ओलांडून गेला.

*

शनिवारी सकाळी हैबतराव वालाच्या शेंगा झोडपत होता. अंगण उरलं होतं तेवढ्यात ताडपत्री पसरली होती. काठी वर जायची, खाली यायची. शेंगा फुटून दाणे उडत होते. त्याला हे काम बरं वाटायचं. यात जोर लागतो आणि कुणी विचारत नाही, एवढा जोर कशाला.

रस्त्याच्या कडेला लहान गाडी थांबली. आधी एक बाई उतरली, हातात पिशवी घेऊन. मग ती मुलगी. मग कुत्रा.

“मोकल काका?” बाई कुंपणाबाहेरूनच म्हणाली.

त्याने काठी थांबवली नाही.

“मी अनिता. भूमिकाची आई. तुमचा डबा राहिला होता आश्रमात.”

“राहिला नव्हता. फेकला होता.”

“धुऊन आणलाय.”

“ठेवा तिथं.”

अनिताने आत येऊन डबा ओटीच्या कडेला ठेवला. एका बाजूला त्याला मोठा पोचा पडला होता. ती कुंपणापाशी परत आली, पण गेली नाही. मुलगी तिच्या मागे उभी होती. कुत्र्याला सावली सापडली. कुंपणाच्या शेवग्याखाली तो आडवा झाला, जीभ बाहेर काढून. काठी वर गेली की त्याचे डोळे वर जायचे, खाली आली की खाली. काठीला तो भीत नव्हता.

“काका, आम्ही माफी मागायला आलोय. तुम्हाला आधी कळवायला हवं होतं.”

“मंग तुम्ही कशाला माफी मागताव? तुम्हाला तर आधीच कळवलं होतं.”

अनिताचं तोंड लाल झालं.

“आजोबा, त्याची काही चूक नाही,” मुलगी म्हणाली.

“कुत्र्याची चूक नसतेच, पोरी. त्याला पुढं करणाऱ्यांची असते.”

“आम्ही पुढे नाही केलं. आजींनीच बोलावलं.”

“भूमी,” आई म्हणाली.

“बोलावलंच ना पण!”

हैबतरावाने काठी टाकली. तो ताडपत्रीवरून चालत कुंपणापाशी आला. दाणे पायाखाली टोचत होते.

“ऐका. तुम्हाला कुत्रा परत तिथं न्यायचाय, म्हणून आलाव. तो सुशील तुम्हाला म्हणाला असंल, म्हाताऱ्याचा शब्द घेऊन या. माझा शब्द मी त्या दिवशी दिला. नाय म्हणजे नाय. माझं माणूस कुत्र्याच्या तोंडाकडं बघत मेलं. दुसऱ्या कुणाचं मरायला नको.”

असं म्हणून तो वळला आणि ओटीच्या पायरीवर जाऊन बसला. अनिताने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. दोघी निघणार होत्या.

तेवढ्यात पलीकडून याकूबने तोंडाशी हात धरून हाळी दिली.

“हैबत! ए हैबत! कोण पावणं आलंत रं?”

कुत्रा उठला. त्याचे कान वर झाले, शेपटी हलली. साखळी मुलीच्या हातून निसटली आणि तो कुंपणाच्या फटीतून बाहेर, सरळ हायवेकडे निघाला. याकूबच्या दिशेने. वडखळकडून कंटेनर येत होता.

“हैबत!” मुलगी किंचाळली. “थांब! हैबत, बस! बस!”

पायरीवरून उठू लागलेला हैबतराव अर्ध्यातच थांबला.

कुत्रा रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्याशी खाली बसला. कंटेनर त्याच्यासमोरून गेला. वाऱ्याने त्याचे केस उलटे झाले. मुलीने धावत जाऊन साखळी धरली आणि त्याच्या गळ्यात हात टाकला. याकूब इकडे-तिकडे बघून रस्ता ओलांडून आला, छातीला हात लावून.

“या अल्ला! हे कुत्रं तर माझ्या हाकेला...”

“काय म्हणालीस त्याला?” हैबतरावाने विचारलं. आवाज मोठा नव्हता.

मुलगी कुत्र्याला घेऊन आत आली. तिला वाटलं, तो रागावणार आहे.

“सॉरी, आजोबा. साखळी घट्ट धरायला हवी होती.”

“ते नाय. हाक काय मारलीस?”

“हैबत. त्याचं खरं नाव बिस्किट आहे. पण आजी पहिल्या दिवसापासून हैबत म्हणायच्या. ये रे हैबत, बस रे हैबत. मग आश्रमात सगळेच म्हणायला लागले. आता तो बिस्किट म्हटलं तर बघतसुद्धा नाही.” तिने याकूबकडे बघितलं. “पण या काकांना त्याचं नाव कसं माहीत?”

याकूबने तोंड उघडलं होतं. त्याने हैबतरावाकडे बघितलं आणि ते मिटलं.

अनिता मघापासून दोघांकडे पाळीपाळीने बघत होती. तिचा हात हळूहळू तोंडाशी गेला.

“भूमी, चल,” ती म्हणाली. “चल आता.”

“थांबा,” हैबतराव म्हणाला. तो उठून उभा होता. खाली बसायचं त्याला सुचत नव्हतं. “त्या दिवशी. त्या दिवशी काय हाका मारत होती ती?”

“तेच. हैबत, हैबत. सलीमाताईंनी फोन आजींच्या तोंडाशी धरला होता. मी ऐकलं.”

“मंग तुम्ही गेलाव.”

“हो.”

“मंग?”

मुलीने आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती.

“तो खाटेपाशी गेला. आजींनी डोळे नाही उघडले. हात बाहेर काढला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. आणि बोलल्या.” मुलीला एकदम हसू आलं, ते तिने दाबलं. “म्हणाल्या, आलात? गाडी चुकली काय?”

कुत्रा साखळी ओढत पायरीकडे सरकला.

“नेहमी ये रे म्हणायच्या,” मुलगी म्हणाली. “त्या दिवशीच आलात म्हणाल्या. कुत्र्याला कुणी आलात म्हणतं का?”

याकूब हायवेकडे तोंड करून उभा राहिला.

हैबतरावाने खाली बघितलं. कुत्रा त्याच्या पायाशी येऊन उभा होता. शर्टाला वास होता, वालाचा किंवा घामाचा, तो हुंगत होता. हैबतरावाने हात पुढे केला नाही. पाऊलही मागे घेतलं नाही.

“सलीमाताई म्हणाल्या, गावाला आजींचा कुत्रा असेल पूर्वी, त्या नावाचा,” मुलगी म्हणाली. “कुत्र्याचंच नाव वाटतं ना ते? सगळ्यांनी घाबरावं असं. होता का तुमच्याकडे?”

“भूमिका!” अनिता म्हणाली.

“व्हय,” हैबतराव म्हणाला. “होता.”

“कसा होता?”

“भुंकायचा लय.”

“चावायचा?”

तो जरा थांबला.

“नाय. नुसता भुंकायचा.”

“मग आजींना आवडायचा?”

हैबतराव ताडपत्रीपाशी गेला आणि काठी उचलली. तिच्यावरची माती तो बोटाने काढत राहिला.

“ते तिला विचारायचं,” तो म्हणाला. “मला काय ठाव?”

मग, लहान मुलं विचारतात तसं, मधलं सगळं सोडून तिने सरळ विचारलं, “मग उद्या आम्ही जाऊ का, आजोबा? गोविंदा आजोबा वाट बघतात. सुशील सर म्हणाले, तुम्ही फोन केलात तर चालेल.”

“ऊन झालं,” हैबतराव म्हणाला. “डांबर तापलंय. पाय भाजतील त्याचे. उचलून न्या गाडीपर्यंत.”

अनिताने आणि मुलीने मिळून कुत्र्याला उचललं. तो जड होता. त्याचे मागचे पाय मुलीच्या हातातून लोंबत होते. गाडीचं दार लागेपर्यंत हैबतराव उभा होता. मग त्याने काठी उगारली आणि शेंगांवर हाणली. दाणे लांब उडाले, कुंपणाच्या बाहेर, रस्त्यावर. तो हाणत राहिला. फुटलेल्या शेंगांवरही हाणत राहिला. डाळ व्हायला लागली तेव्हा याकूबने पुढे होऊन काठी धरली.

“हैबत.”

“नाव घेऊ नको माझं.”

“बरं. नाय घेत.” याकूबने काठी सोडली नाही. “ती तुलाच...”

“मला ठाव हाय ती कुणाला!” तो इतक्या जोरात ओरडला, की दुकानात हवा भरायला थांबलेला मोटारसायकलवाला मान वळवून बघायला लागला. “मी हितंच होतो. चुलीपाशी. वाल सोलत. तिच्यासाठी. एक फोन, याकूब. त्या सलीमाला एकदा तरी विचारायला काय झालं होतं, हैबत कोण?”

“तू तरी कुणाला सांगितलं होतंस?”

हैबतरावाने त्याच्याकडे असं बघितलं, की याकूबने काठी सोडून दिली.

“तिनं कधी नाव घेतलं नाय,” हैबतराव म्हणाला. “मला तरी काय माहीत, तिला येतंय घ्यायला?”

मग गिऱ्हाइकाने हॉर्न वाजवला आणि याकूब जायला निघाला. कुंपणापाशी तो वळला.

“फोन लाव आश्रमात. ती पोरगी, तो म्हातारा...”

“लावीन.”

“आज लाव.”

“तू तुझी हवा भर जा.”

याकूब गेल्यावर हैबतरावाने ओटीवरचा डबा उचलला. झाकण पोच्यामुळे घट्ट बसलं होतं. नखाने उचकटून काढलं. आत गुळाचा खडा होता. डबा रिकामा परत देऊ नये, एवढं त्या बाईला माहीत होतं. सरूसुद्धा कुणाचा डबा रिकामा जाऊ देत नसे. घरात काही नसलं तर चिमूटभर मीठ घालायची. त्याने झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवला, पोचा भिंतीकडे करून.

रविवारी त्याने फुटके दाणे वेचून बाजूला काढले. चांगले ऊन दाखवायला पसरले. मोबाईल शर्टाच्या खिशात होता, डाग पडलेल्या. दोनदा काढला, सुशीलचा नंबर काढला आणि परत ठेवला. काय बोलायचं ते त्याला ठाऊक होतं. ‘कुत्र्याला येऊ द्या,’ एवढंच. पण तेवढं म्हटलं, की पलीकडचा विचारणार, ‘कुणाला, हैबतला?’ आणि ते त्याला ऐकावं लागणार.

रोह्याची एसटी गेली. तिच्या धुळीचा दाण्यांवर थर बसला. गोविंदा आजोबांनी आतापर्यंत खुर्ची फाटकाशी आणली असेल.

फोन करायचा राहिला होता.